तिकीटघराच्या भिंतीवरची आत्या

पत्रक लिहायचं तर पहिला नियम हा, की नाव घ्यायचं. ज्यानं केलं त्याचं नाव पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात. गोलमाल लिहिलं की वाचणारा त्या कागदात भजी बांधून नेतो. कराडात कॉलेजला गेल्यापासून मी पत्रकंच लिहीत आलेय, चराईबंदीवर, रस्त्यावर, पाण्यावर. पण इथं मी कुणाचंच नाव घेणार नाही. माझ्या आत्याचं नाव वर्षभर भिंतीवर होतं, फोटोसकट. नावाचा तेवढा तमाशा पुरे.

भिंत तिकीटघराची. आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे, जांभ्या दगडाचं सपाट पठार. पाऊस उतरतीला लागला की त्यावर फुलं येतात आणि फुलांमागून गाड्या येतात. गाड्यांसाठी समिती झाली, समितीनं पत्र्याचं तिकीटघर केलं, आणि त्या तिकीटघराच्या दर्शनी भिंतीवर एक फ्लेक्स लागला. त्यात आत्या वाकून बसलेली, हातात कुदळ, पुढ्यात कंदांचा ढीग, तोंड अर्धं कॅमेऱ्याकडं वळलेलं. वर लिहिलेलं, ‘फुलांच्या कंदांची चोरी करणाऱ्यांना सड्यावर प्रवेशबंदी’. खाली तिचं नाव आणि गावाचं नाव. पुण्यामुंबईच्या पोरी त्या फ्लेक्सपुढं उभ्या राहून सेल्फी काढायच्या.

आत्या साठीची आहे. जन्मापासून सड्यावर म्हशी नेतेय. तिला खाली थांबवलं. म्हशी दुसरीच माणसं वर न्यायला लागली, आणि ती रस्त्याच्या कडेला, जिथून तिकीटघर दिसत नाही अशी जागा बघून बसायला लागली.

तिनं चोरी केली नव्हती. पण कंद काढले होते, आणि ते तिनं कबूलही केलं होतं. गोची तिथंच झाली. ऋषिपंचमीच्या उपासाला आमच्याकडच्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरल्या जमिनीतलं धान्य चालत नाही. मग रानातलं आणायचं, भाजीपाला, कंद. सड्याच्या उतारावर चवर उगवते, हळदीसारख्या पानांची, पांढऱ्या फुलांची, आख्खा उतार पांढरा करणारी. तिचे कंद आत्या आदल्या दिवशी काढते. मोठा कंद घेते, त्याचं डोळा असलेलं बोट मोडून परत मातीत पुरते, वरून तळव्यानं दाबते. तिच्या आईनं तिला तसं शिकवलं. पुढच्या साली चवर तिथंच, उलट दाट.

समितीनं तिला बोलावून विचारलं, “मावशी, तुम्ही कंद काढता का?” ती म्हणाली, “व्हय, काढतो की. आमी न्हाई काढायचं तर कुनी?” एवढंच लिहून घेतलं आणि सही घेतली. डोळा मातीत पुरते हे तिनं सांगितलं का, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, “ते काय सांगायचं? चुलीवरनं भाकरी उतरल्यावर जाळ वडायचा असतो, ते सांगतं का कुनी?”

गेलं होतं ते चवर नव्हतंच. गेलं होतं कंदीलफूल, आमच्याकडं त्याला खरचुडी म्हणतात. बोटभर उंच, कंदिलासारखं बारीक फूल, आत जांभळट ठिपके. सगळ्या सड्यावर एका उताराला सात-आठ झाडं. ती जागा आत्यालाच माहीत होती, आणि तिनं ती एकाच माणसाला दाखवली होती. तो माणूस सांगलीचा. फुलांच्या पायी सहली काढतो. त्याला सगळे सर म्हणतात म्हणून मीही सर म्हणते. आत्याच्या पडवीत बसून त्यानं दोन वर्षं चहा प्यायला, तिला मावशी म्हणाला, तिच्या मागून उतार चढला, फोटो काढले, आणि सांगलीत जाऊन भाषणं दिली की हे मी शोधलं. तिसऱ्या वर्षी झाडं गायब झाली. समितीकडं आत्याचा कुदळीसकट फोटो कुणी दिला? त्यानंच.

फ्लेक्स लागला तेव्हा मी कराडात होते. गावी आले आणि एसटीतून उतरता उतरता तो पाहिला. आत्याच्या घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. या माणसाला त्याच्याच माणसांसमोर उघडा पाडायचा. गुपचूप माफी नको, फोनवर सॉरी नको. जितक्या लोकांनी आत्याचा फोटो पाहिला तितक्या लोकांनी त्याचं तोंड पाहायला हवं.

वर्षभर थांबले. समितीचा नियम होता की बाहेरच्या प्रत्येक गटाबरोबर गावातला एक वाटाड्या पाळीनं जाणार. सरांच्या चार दिवसांच्या सहलीला ज्या पोराची पाळी होती त्याच्याकडून मी ती मागून घेतली. तो हसला. “आत्तेसाठी चाललीस व्हय? जा गड्या. पर ढकलू नगंस त्येला कड्यावरनं, पाळी माझी हाय.” सरांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मी टोपी घातली, पाठीवर पाणी घेतलं आणि म्हटलं, “सर, मी गावातली.”

गटात नऊ जण होते. बहुतेक सांगली-मिरजेचे, नोकरीतून मोकळे झालेले. एक डॉक्टर जोडपं, दोन बँकेतले, आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना मी बाई म्हणायला लागले, कारण दुसरं काही म्हणवेना. काठी टेकत चालायच्या, पण थांबायच्या नाहीत.

सरांना काही येत नसतं तर सोपं गेलं असतं. पण त्यांना येत होतं. गुडघ्यावर बसून ते किडे खाणाऱ्या दवबिंदूच्या पानावर अडकलेलं चिलट दाखवायचे, ते पान मिटायला किती वेळ घेतं ते सांगायचे, आणि नऊ म्हातारी माणसं पोरांसारखी वाकून बघायची. पाण्यातला वायतुरा, गेंदाचे पांढरे ठिपके, सोनकीचा पिवळा पट्टा, सगळं त्यांना नावानिशी पाठ. मेलेल्या झाडाच्या सालीसारखा दिसणारा सरडा त्यांनी चालता चालता हेरला. मला त्याचा राग आला. एवढं बघणाऱ्या माणसानं आत्यानं मातीत परत पुरलेलं कंदाचं बोट बघितलं नसेल हे मला पटेना. बघितलं असणार. बघून फोटोच्या चौकटीबाहेर ठेवलं असणार.

पहिल्या दिवशी मी त्यांना जंगलातून जळवांच्या वाटेनं नेलं. वरून चांगली वाट होती, मी सांगितली नाही. सरांच्या मोज्यात सात निघाल्या. डॉक्टरीणबाईंच्या मानेवर एक निघाली आणि त्या किंचाळल्या. त्यांनी माझं काही केलं नव्हतं. तरी मी त्यांना सॉरी म्हटलं नाही, फक्त मीठ दिलं.

“वाट चुकलीस का गं?” सरांनी विचारलं.

“नाही सर. हीच वाट.”

“मावशी दुसरीकडून न्यायच्या.”

“कुठल्या मावशी?” मी विचारलं. ते मोजा पिळायला लागले.

सर एकदा परदेशात अशाच पायी सहलीला गेले होते, कुठल्याशा चुनखडीच्या डोंगरात. तिथून ते एक पद्धत घेऊन आले होते, यादीची. रोज संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी गोल बसायचं. सर वहीतून एकेक नाव वाचणार, ज्यांनी ते फूल किंवा पक्षी पाहिला ते हो म्हणणार, आणि वहीत टिक पडणार. सगळ्यांना ते लय आवडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच एकमेकांना विचारायचे, हे यादीत आलं का, ते आलं का. पहिल्या संध्याकाळी मी कडेला बसून ते बघितलं आणि मनात म्हटलं, झालं. भर सभेत एकेक नाव पुकारणारा माणूस. माझी सभा त्यानं आयतीच भरवून ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी सर त्या उतारावर थांबले. स्वतःहून थांबले, मी नेलं नव्हतं. गवत पायाने बाजूला केलं आणि दमलेल्या आवाजात म्हणाले, “इथं होती. जगात फार थोड्या जागी होती, त्यातली ही एक. गावातल्या एका बाईनं खणून खाल्ली.”

“खाल्ली?” बँकेतल्या एकांनी विचारलं.

“कंद खातात ना हे लोक. अज्ञान. दोष तरी कुणाला देणार? त्या चुनखडीच्या डोंगरात एक मेंढपाळसुद्धा फुलाला हात लावत नाही.”

“तिथं मेंढ्या चरतात का?” बाईंनी विचारलं.

“हो, चरतात. उलट चरतात म्हणून गवत माजत नाही, म्हणून फुलं टिकतात.”

“मग इथल्या म्हशींना बंदी हवी असं तुम्ही का म्हणता?”

सर म्हणाले, तो वेगळा विषय आहे. मी उताराच्या खालच्या बाजूला उभी होते. माझ्या मुठीत गवताचं पातं होतं, ते मी बोटाला गुंडाळत गेले, बोट निळं पडेपर्यंत. तिथंच बोलले असते तर तो उतारावरचा एक वाद झाला असता. मला वाद नको होता. मला पुरावा हवा होता, आणि तो माझ्याकडं नव्हता.

तो बाईंनी दिला. त्यांना काही माहीत नव्हतं. संध्याकाळी त्या पायाला हळद लावत ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, ती कंदीलफुलं तुम्हाला बघायला मिळाली नाहीत, वाईट वाटलं असेल.

“अगं, मी बघितलीत की,” त्या म्हणाल्या. “माझ्या मैत्रिणीकडं आहेत. सांगलीत, बाल्कनीत. मागल्या वर्षी ती सरांबरोबर आली होती, तेव्हा त्यांनीच दिली. कुणाला सांगू नका म्हणाले, नाजूक असतात, लोक चोरतात.” आणि मोबाईल काढून त्यांनी फोटो दाखवला. मातीच्या तीन कुंड्या, मागं जाळी, जाळीपलीकडं वाळत टाकलेला टॉवेल. मधल्या कुंडीत कंदील फुललेला.

“फोटो कधीचा, बाई?”

त्यांनी बोटानं वर सरकवून तारीख दाखवली. आत्याच्या सहीच्या आधीची होती. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला तोंड वाचता येतं. “काय झालं? खरं सांग.”

मी खरं सांगितलं. त्यांनी हळदीची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “आत्ताच जाऊन विचारते त्याला.” मी म्हटलं, “नको बाई. यादीला.”

“आजच्या?”

“उद्याच्या. उद्या शेवटची आहे. सगळे मनापासून बसतात.”

एक आख्खा दिवस मी ते पोटात धरून चालले. इतकी हलकी मी कधी चालले नव्हते. सरांची पिशवीही घेतली. वारणेच्या अंगाला, सांगली जिल्ह्यात उतरलो, तेव्हा दमून ते म्हणाले, “तू चांगली वाटाडी होशील.” मी म्हटलं, “बघा की सर.”

उतरलो ती जागा एका शेतकऱ्याच्या घराची पडवी होती. उजेड अजून होता. चहा झाला, गोल झाला, सरांनी वही उघडली.

“वायतुरा?”

“हो!”

“सीतेची आसवं?”

“हो हो!”

“धनेश?”

“आवाज ऐकला,” डॉक्टर म्हणाले. चर्चा झाली, आवाजाला अर्धी टिक द्यायची ठरली.

“कंदीलफूल. नाही,” सर म्हणाले आणि पुढच्या नावाकडं वळले.

“हो लिहा, सर,” मी म्हटलं.

“तुला विचारलं नाही गं. यादी पाहुण्यांची असते.”

“पाहुण्यांनीच बघितलंय. सांगलीत, बाल्कनीत. बाई, दाखवा.”

बाईंनी फोन शेजारच्याच्या हातात दिला. तो गोलातून फिरत गेला. सरांपर्यंत पोचायला वेळ लागला, आणि तेवढ्यात प्रत्येकानं तो बघून वर सरांकडं बघितलं. मला तेच हवं होतं. एकेक तोंड वळताना मी मोजत होते.

“हे बघा,” सर म्हणाले, “मी ती वाचवली. म्हशींनी तुडवलीच असती. कुंडीत जगलीत ना?”

“मग त्या बाईंचं नाव का दिलंत?” बाईंनी विचारलं.

“मी नाव दिलं नाही. मी फक्त फोटो दिला.”

“ती माझी आत्या आहे,” मी म्हटलं. “तुम्ही तिच्या पडवीत चहा प्यायचात. तिनं तुम्हाला वाट दाखवली. ती चवर काढत होती, ऋषिपंचमीसाठी, आणि तुम्हाला चवर आणि खरचुडीतला फरक कळतो. तीन दिवस सगळ्यांना सगळे फरक सांगत आलाय.”

त्यांना चेहरा कुठं ठेवावा कळेना. वहीत बघायला लागले. मी गप्प बसले नाही. “वहीतच लिहा. कोरं पान काढा.”

त्यांनी बाईंकडं बघितलं. त्या बोलतील, म्हणतील जाऊ दे, असं वाटलं असेल. बाई म्हणाल्या, “लिहा. मी सांगते. ‘कंदीलफुलाची झाडं मी स्वतः काढून नेली.’ पूर्णविराम. ‘संबंधित बाईंचा यात काही संबंध नाही.’ पूर्णविराम. संबंधितमधला अनुस्वार राहिला, द्या.” त्यांनी दिला. खाली सही केली. सात जणांनी साक्षीची सही केली. डॉक्टर जोडपं म्हणालं, आम्हाला यात पडायचं नाही. मग कुणीच यादी पुढं वाचली नाही.

कागद मिळाला. पण कागदानं माझं पोट भरलं नव्हतं. जाताना मी सरांना जीपजवळ गाठलं आणि म्हटलं, येत्या रविवारी तिकीटघरापाशी या. फ्लेक्सखाली उभं राहून येणाऱ्या लोकांना तोंडानं सांगा. नाहीतर पत्रक सांगलीत वाटते, तुमच्या कॉलनीपासून सुरुवात करून. ती धमकी होती. आजही तिला दुसरं नाव द्यायचं नाही.

ते आले. भुरभुर पाऊस होता. आत्या डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन रस्त्यापलीकडच्या दगडावर बसली. वर्षात पहिल्यांदा ती तिथून तिकीटघर दिसेल अशी बसली होती. सर आधी तिच्याकडं गेले. हात जोडले. “मावशी, चुकलं माझं.”

आत्या म्हणाली, “आवं, मावशी कुनाला म्हनताय? माझ्या बहिनीला पोरगंच न्हाई.”

रांगेतले दोघं-तिघं हसले. सर परत गेले आणि फ्लेक्सखाली उभे राहिले. पहिल्या गाडीला पुटपुटले. मी ओरडले, “ऐकू येत नाही!” दुसऱ्या गाडीला मोठ्यानं म्हणाले, “या फोटोतल्या बाई निर्दोष आहेत. झाडं मी नेली.” लोक विचारायचे, कुठली झाडं, तुम्ही कोण. त्यांना पहिल्यापासून सांगावं लागायचं. कुणी रील काढलं. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला. मला वाटलं होतं आत्या मध्येच म्हणेल, पुरे गं पोरी. ती म्हणाली नाही. चंची काढून पान खात बसली आणि एकही गाडी चुकवली नाही. म्हशींच्या धारेची वेळ झाली तेव्हा उठली, खोळ झटकली आणि गेली.

समितीनं पुढच्या बैठकीत फ्लेक्स उतरवला, बंदी उठवली. माफी मागितली नाही. सांगलीच्या बाल्कनीतून एक कुंडी परत आली. बाईंनी पाठवली. दोन सुकल्या म्हणे.

इथं मी थांबायला हवं होतं. सर रविवारी आले होते, म्हणजे पत्रक वाटायचं नाही असा सौदा होता. मी वाटलं. सांगलीत, मिरजेत, कराडच्या स्टँडवर. माझा जळफळाट एका दुपारीत भागला नव्हता, आणि खोटं तर काही लिहिलं नव्हतं. सगळं पुराव्यानिशी लिहिलं, शिकले तसं. वार, वेळ, ठिकाण. तिसऱ्या पाणवठ्याच्या वरचा उगवतीकडचा उतार, मोडक्या बांधापासून वीस पावलं.

सरांना त्याचं जे व्हायचं ते झालं, पुढची सहल निघाली नाही. त्याबद्दल मला काही वाटत नाही. पण पुढच्या आठवड्यात आत्या म्हशी घेऊन वर गेली, आणि त्या उतारावर गवत उपटून चाळलेलं होतं. मातीत बोटं घालून हुडकलेलं होतं. ज्यांनी माझं पत्रक वाचून हळहळ केली, त्यांच्यातलेच कुणीतरी बघायला गेले असणार, राहिलंय का एखादं.

आत्यानं मला बोलावलं नाही. मीच गेले. ती कुंडी काखेत मारून निघाली होती, दुसऱ्या हातात कुदळ. मी म्हटलं, आत्या, मी येते, धरते.

“पानवठ्यापतोर ये.”

पाणवठ्याला म्हशी पाण्यात बसल्या. आत्यानं पदर खोचला. “तू हितंच बस. म्हशींकडं बघ.”

“कुठं लावणार आहेस ते तरी सांग.”

“न्हाई.”

“मी त्या सरासारखी आहे व्हय?”

तिनं विचार केला. खरोखर विचार केला, तेच मला लागलं. “तू तसली न्हाईस,” ती म्हणाली. “पर तू छापतीस.”

आणि ती गेली. कुठल्या अंगाला गेली तेही मला दिसू नये म्हणून आधी उगाच खालच्या बाजूला उतरली, झाडीत शिरली. मी दगडावर बसून राहिले. तासाभरानं ती वेगळ्याच बाजूनं वर आली, कुंडी रिकामी, नखांत माती. आम्ही म्हशी उठवल्या आणि खाली आलो.